कूलरच्या खिडकीतला होया

आमचे मूळ गाव दौलताबादच्या पलीकडे. घरची सीताफळाची बाग होती. आमच्या घराण्यात पौष महिन्यात ज्या पुरुषाच्या हाती छाटणीची कात्री नसे, तो आजारी समजला जाई. पुढे मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली, शहरात घर बांधले, बाग भावाकडे गेली. कात्री मात्र माझ्याकडे राहिली. जे घडले त्याचे कारण एवढेच आहे. समर्थन म्हणून मी ते सांगत नाही.

आमच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीत पत्नीने एक वेल वाढवला आहे. त्याला होया म्हणतात. पाने जाड, मेण लावल्यासारखी. उन्हाळ्यात त्याला फुलांचे झुबके येतात. पाडव्याच्या गाठीतली पदके बारीक करून एकत्र चिकटवावीत तसे दिसतात आणि संध्याकाळी त्यांना वास सुटतो. हा वेल मुलीने पुण्याहून एका काडीच्या रूपाने आणून दिला होता. पहिले फूल यायला चार वर्षे लागली. त्या दिवशी पत्नीने शेजारच्या पाच बायकांना बोलावून चहा दिला. मला दिला नाही, कारण मी फूल पाहून "बरे आहे" एवढेच म्हणालो होतो.

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नी दोन महिने पुण्याला गेली. जाताना तिने सूचना दिली : होयाला आठवड्यातून एकदा पाणी घालायचे, बाकी हात लावायचा नाही.

मी हात लावला नाही. कात्री लावली. वेलावर ठिकठिकाणी बोटाच्या पेराएवढे, ओबडधोबड, पाने नसलेले खुंट होते. ते वाळलेले आहेत असे माझे मत झाले. नऊ खुंट कापले. प्रत्येक ठिकाणाहून पांढरा चीक आला, तेव्हा ते वाळलेले नव्हते हे माझ्या लक्षात आले. परंतु काम अर्धे झाले होते आणि अर्धे काम सोडण्याची मला सवय नाही.

पत्नी परत आली. तिने बॅग खाली ठेवली, फरशीवरचे तपकिरी डाग पाहिले, मग वर पाहिले.

"हे काय केलं?"

"छाटणी."

"कुणी सांगितली होती?"

"सांगावी लागत नाही."

तिने एका कापलेल्या टोकावरून बोट फिरवले. नंतर म्हणाली, "फुलं तिथंच येतात. दरवर्षी त्याच काडीला. मी लेकीला सांगून आले, एप्रिलात बाळाला घेऊन ये, पाळणा होयाखाली बांधू म्हणून." मग तिने माझी कात्री उचलली आणि आपल्या साड्यांच्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातले.

पत्नीचे म्हणणे मी पडताळून पाहायचे ठरवले. पडेगावच्या रस्त्याला एक नर्सरी आहे. तिचा मालक माझ्याच वयाचा आहे, तरी मला काका म्हणतो. मी त्याला सर्व हकीकत सांगितली, फक्त कापणारी व्यक्ती त्रयस्थ ठेवली.

"काका, वो मोम का मोगरा है क्या?" तो म्हणाला. "उसकी डंडी नको काटो. उसीपे फिर फूल आते. नई डंडी आने को दो साल बी लगते, तीन बी लगते."

माझ्या वयाच्या माणसाला कोणत्याही कामाची मुदत तीन वर्षे सांगणे अविचाराचे आहे. मी उपाय विचारला.

"उपाय क्या? बैठके देखो. नया फुटा आया तो उसको हात नको लगाओ, कुंडी बी नको हिलाओ." आणि मी निघताना त्याने मागून विचारले, "काकू क्या बोले?" त्रयस्थ व्यक्तीचा त्याला विसर पडला असावा.

आमच्या घरात क्षमा मागण्याचा प्रघात नाही. नुकसान भरून देण्याचा आहे. तेव्हा वेलाला नवा फुटवा आला पाहिजे आणि त्याला फूल आले पाहिजे, तेही शक्य तर एप्रिलपर्यंत, असे मी ठरवले. वेलाला हे कळवण्याची सोय नव्हती. मी रोज सकाळी सात वाजता नकाशे वाचण्याचे जुने भिंग घेऊन खिडकीशी उभा राहू लागलो.

शिवरात्रीच्या सुमारास थंडी कमी झाली आणि एका पेराशी मला पांढरट कोंब दिसला. चार दिवस मी त्याचे निरीक्षण केले. दुसऱ्या दिवशी तो किंचित वाढला होता. तिसऱ्या दिवशी त्याची जागा थोडी बदलली होती, ती मी मोजणीतली चूक मानली. चौथ्या दिवशी पत्नीने ओल्या फडक्याने तो पुसून टाकला. तो पिठ्या ढेकूण होता, सीताफळावर हमखास पडणारी पांढरी कीड. सीताफळाच्या बागेत वाढलेल्या माणसाने पिठ्या ढेकणाला कोंब समजावे, यावर तिने काही टीका केली नाही. एवढेच म्हणाली, "डोळे दाखवून घ्या."

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असल्याचे डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितले होते. मला ते मान्य नव्हते. आता मी ऑपरेशनची तारीख घेतली. पण ती पाडव्यानंतरची मिळाली.

खरा फुटवा त्या ढेकणानंतर आठवड्याने आला. लालसर, दोऱ्यासारखा, पानांचा मागमूस नसलेला. ज्या गतीने तो निघाला ती पाहून मी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने रोज सकाळी खूण करू लागलो. तो सरळ गजांकडे गेला, तिसऱ्या गजाला त्याने दोन वेढे घातले आणि पुढे निघाला. पान एकही नाही. माझे शिक्षण मला सांगत होते की असला निरुपयोगी धुमारा कापावा. कात्री कुलपात होती.

आणि याच खिडकीला आमचा कूलर लागतो.

खिडकीबाहेर लोखंडी घोडा आहे. कूलर त्यावर चढवतात, तोंड गजांना टेकवतात, उरलेल्या फटी थर्माकोलने बुजवतात. दरवर्षी धुळवडीच्या दुसऱ्या दिवसापासून पत्नी कूलरचा विषय काढते आणि कूलर लागेपर्यंत तो खाली ठेवत नाही. यंदा कूलर लावायचा तर वेढे सोडवून वेल खिडकीतून हलवावा लागला असता. मी उत्तर तयार ठेवले होते : दिवसा उकडले तरी रात्री वारा असतो, आणि आमच्या लहानपणी कूलर नव्हते.

तिने विषयच काढला नाही. धुळवड होऊन आठवडा झाला, दोन आठवडे झाले. दुपारी भिंती तापू लागल्या. पत्नी ओला नॅपकिन मानेवर टाकून भाजी निवडत बसे. मी ओले उपरणे डोक्यावर घेऊन वर्तमानपत्र वाचत असे. कूलर शब्द घरात उच्चारला जात नव्हता. मी याचा अर्थ असा लावला की माझी रोजची हजेरी तिने पाहिली आहे आणि ती माझ्या प्रयत्नांची कदर करीत आहे. त्याचे मला समाधान वाटले, हे नमूद करतो.

मुलीने व्हिडिओ कॉल केला. बाळ दाखवले आणि विचारले, "आई, बाबा, कूलर लावला का नाही? मी येतेय बरं का बाळाला घेऊन."

"अजून गरज नाही," आम्ही दोघे एकदम म्हणालो. माझ्या कपाळावरून घाम फोनवर पडला.

पाडव्यानंतर छावणीजवळच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर भिंतीचा रंग पिवळट नसून पांढरा आहे हे कळले. तिसऱ्या दिवशी सकाळी, माझी वेळ होण्यापूर्वी, पत्नी खिडकीशी स्टुलावर उभी असलेली मला पलंगावरून दिसली. तिने वेलाचे भिंतीकडचे एक पान उचलले, त्याच्या मागे पाहिले, पान हळूच जागेवर ठेवले आणि स्वयंपाकघरात गेली.

मी स्टुलावर चढलो. ते करण्यास मला मनाई होती. पान उचलले. मागे एक खुंट होता, न कापलेला, आणि त्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्यांचा घोस.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती.

"एक राहिला होता," मी म्हणालो.

"व्हय."

"मी नऊ कापले. हा दहावा मला दिसला नाही."

"मोतीबिंदू होता म्हणून वाचला बिचारा."

"तुला कधीपासून माहीत?"

"शिवरात्रीपासून. खसखशीएवढ्या होत्या तेव्हा."

"आणि कूलर?"

"कुंडी हलवली की कळ्या गळतात. म्हणून गप्प बसले. मला वाटलं तुम्ही कूलर लावायला काढाल, तर तुम्ही त्या दोऱ्याला राखत बसलात. म्हटलं, बसू द्या."

"मला सांगायचे होतेस."

तिने हात थांबवला. "अहो, सांगितलं असतं तर तुम्ही कापला असता."

यावर मी विचार केला. तिचे म्हणणे निराधार नव्हते.

मुलगी ठरल्या दिवशी आली. कूलर हॉलच्या दारात लावला, त्यामुळे तीन आठवडे सर्वांची ये-जा स्वयंपाकघराच्या दारातून झाली. दुधवाल्याला हे शेवटपर्यंत समजले नाही. पाळणा होयाखाली बांधला. चौथ्या दिवशी संध्याकाळी झुबका उमलला. एकच होता. खोलीत वास भरला, आणि बाळाला तीन शिंका आल्या.

मुलीने विचारले की इतक्या उन्हात वेल टिकला कसा.

"तुझ्या बाबांनी यंदा खिडकीला कूलर लावू दिला नाही," पत्नी म्हणाली, "म्हणून टिकला."

हे विधान वस्तुस्थितीला सोडून नव्हते. मी त्यात दुरुस्ती सुचवली नाही.

तिसऱ्या गजावरच्या धुमाऱ्याला आता पाच पाने आहेत. फुलाचा खुंट अजून नाही. पेन्सिलीच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत. कात्री अजून साड्यांच्या कपाटात आहे. मागितली तर मिळते, परंतु कशासाठी हवी ते सांगावे लागते, आणि काम होईपर्यंत पत्नी शेजारी उभी असते.