अण्णांचा पत्र्याचा डबा

अण्णा माणसाचं तोंड आधी बघत नसत, हात बघत. आमच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा माझं लग्न होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पुण्याहून नुकतीच बंगळुरूला आलेली मी. हातात पाटल्या, बोटांत दोन अंगठ्या, गळ्यात मंगळसूत्र. नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, अण्णांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यापुढे धरला. "स्वल्प... जरा सगळं काढून ह्यात ठेवा, अक्का. गळ्यातलंपण." मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान, तरी पहिल्या दिवसापासून अक्काच. संध्याकाळी हे फोनवर सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "कसली गं मेली ही नोकरी!"

नोकरी दगडांची होती. आमची कंपनी चित्रदुर्गच्या पलीकडे एका माळावर तांबं आणि सोनं शोधत होती. शोधणं म्हणजे जमिनीत खोलवर भोक पाडायचं, त्यातून निघालेल्या मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या पेट्यांत भरायच्या आणि ट्रकनं बंगळुरूत महादेवपुऱ्याच्या शेडमध्ये आणायच्या. इथे अण्णा त्या करवतीवर उभ्या चिरत. अर्धा भाग तपासणीला प्रयोगशाळेत जाई, अर्धा पेटीत राखून ठेवला जाई. टनभर दगडात चार-पाच ग्रॅम सोनं निघालं तरी आमच्याकडे आनंदीआनंद असतो. त्यामुळे कुणाच्या अंगठीचा कण जरी दगडाला घासून लागला, तरी निकाल खोटा येतो. म्हणून तो डबा.

अण्णा बंगळुरूतल्याच बसवनगुडीचे. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींत एकमेकींची सरमिसळ. "आमचे वाडवडील इकडं घोड्यावरून आले, मी दोन बशी बदलून येतो," असं ते उशीर झाला की सांगत. शिक्षण बेताचं, पण उभी हयात दगडांत गेलेली. कांडी हातात आली की ओल्या फडक्यानं पुसायची, उजेडात फिरवायची आणि मगच बोलायचं. हातमोजे घालत नसत. "बोटाला कळतं ते डोळ्याला उशिरा कळतं," म्हणत. मी काही चमकतंय म्हणून उड्या मारत गेले की फडकं फिरवून कांडी परत ठेवत. "सरी, बरं, अक्का. छान आहे. पण हे आपलं नव्हे."

आपलं असं काही निघतच नव्हतं. दोन वर्षं झाली, भोकामागून भोक झालं, शेडमध्ये पेट्यांची चळत छपराला टेकली. आजूबाजूला काचेच्या इमारती वर जात होत्या आणि आम्ही सातजण खालून आलेला निरुपयोगी दगड मीटर-मीटरनं लिहून ठेवत होतो. मला तर झोपेतही करड्या कांड्या दिसायला लागल्या होत्या. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, आता एकच भोक. त्यात काही नसेल तर गाशा गुंडाळायचा. त्या भोकाची जागा मी निवडली होती. तीन दिवस त्या माळावर उन्हात फिरून मी ती खुंटी ठोकली होती, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

नेमकं त्या भोकाच्या कांड्या शेडमध्ये आल्या त्याच आठवड्यात काकूंचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अण्णा शेडमध्ये हजर. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही इथं कसे?" तर म्हणाले, "मुलगी आहे तिथं. आत सोडत नाहीत कोणाला. नुसतं बाकावर बसून काय करू?" आणि करवत सुरू केली. रोज सगळ्यांचे हात बघणारे अण्णा. अण्णांचे हात कोण बघणार?

काकू घरी आल्याच नाहीत. पाचव्या दिवशी गेल्या. तेरावं आटोपून अण्णा कामावर आले ते निम्मे होऊन. त्यांच्याशी काय बोलावं हे आम्हाला कळेना, म्हणून आम्ही कामाचंच बोलत राहिलो.

आणि मग निकाल आला. एका मीटरमध्ये सोनं होतं. थोडंथोडकं नाही, साहेबांनी दोनदा वाचून घ्यावं इतकं. फोनवर ते म्हणाले, पुढच्या वर्षी दहा भोकं पाडू. कोणीतरी म्हैसूरपाक आणला. मी अक्षरशः रडले. अण्णांनी त्यांचा तुकडा कागदात तसाच ठेवला, नमुन्याचा नंबर विचारला आणि कांड्या चिरल्याची वही उघडून बराच वेळ तारीख बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि एक अंगठी समोर ठेवली. जुनी, मऊ सोन्याची. तिच्या एका बाजूला नवे ओरखडे होते.

"हिची आहे. आत नेताना काढून माझ्याकडं दिली. हरवू नये म्हणून करंगळीत घातली, अक्का. आणि तशीच राहिली. तो मीटर मी दुसऱ्या दिवशी इथं येऊन चिरला."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते. मी दार लोटलं आणि म्हणाले, "अण्णा, हे कुणाला कळणार आहे?"

ते रागावले नाहीत. खूप दमल्यासारखे खुर्चीत बसले. "मला कळलंय. आता तुम्हालापण कळलं. त्या एका मीटरवर दहा भोकं पाडतील, अक्का. राखलेला अर्धा पाठवा."

मी तो अर्धा पाठवला. स्वतः, डब्यात सगळं काढून ठेवून, पिशवीत भरला. निकाल यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी अण्णांशी कामापुरतंही धड बोलले नाही. मनात आशा होती की ते चुकले असतील, आणि राग होता की त्यांनी तोंड का उघडलं. ज्याची बायको नुकतीच गेली त्या माणसावर मी रागावले होते. निकालात काहीच नव्हतं.

महिन्याभरात शेड रिकामी करायचं ठरलं. आता मी मारतहळ्ळीत एका कंपनीत आकड्यांचे तक्ते तपासते; एखादा आकडा फारच सुंदर दिसला की मी तो पुन्हा मागवते. सहकारी वैतागतात. मी कारण सांगत बसत नाही.

शेडमधल्या शेवटच्या दिवशी शेवटची पेटी ट्रकमध्ये गेल्यावर अण्णांनी डबा आणला आणि ज्याचं त्याला दिलं. माझं मंगळसूत्र माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी जे बोलले..." त्यांनी नुसता हात हलवला. डब्याच्या तळाशी एकच अंगठी उरली होती. मला दाखवली त्या दिवसापासून ते ती रोज घरून बोटात घालून आणत होते आणि सकाळी सगळ्यांच्या आधी डब्यात टाकत होते, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी ती फडक्यानं पुसली, करंगळीत सरकवली आणि रिकाम्या शेडकडे पाहिलं.

"घाला तुम्हीपण, अक्का," ते म्हणाले. "आता कुठला दगड खराब व्हायचा राहिला नाही."