पुरवणीचं पान

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या सोबतिणींना नाही. आणि आता सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही — ते जड आहे तर जड राहू द्या.

पांढुर्ण्याच्या एका शाळेत मी गणित शिकवते. वेग, वेळ आणि अंतर — या धड्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे. का नाही म्हणायचं? पुढे गेलेल्याला मागच्यानं किती वेळात गाठलं, हे माझी पोरं तोंडी सांगत. पुढचा किती पुढे आहे ते काढा, दोघांच्या वेगातल्या फरकानं भागा. झालं.

वीस वर्षांपूर्वी सातवीची एक परीक्षा होती. गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला छिंदवाड्याला वसतिगृहात राहून बारावीपर्यंत फुकट शिकायला मिळणार होतं. जागा एकच. पेपर मी काढला. शेवटचा प्रश्न असा — सात वाजता पांढुर्ण्याहून सौसरला बस निघाली, ताशी चाळीस किलोमीटर. अर्ध्या तासानं मागून मोटारसायकल निघाली, ताशी साठ. वाटेत ती बसला किती अंतरावर गाठेल? बस वीस किलोमीटर पुढे, वेगातला फरक वीस, म्हणजे एका तासात. उत्तर साठ किलोमीटर.

वैशाली तिगावहून यायची. आई संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला. तिनं लिहिलं — वाटेत गाठणार नाही, रीत पुरवणीत पाहा. पुरवणीत साठ काढलेलं होतंच, बिनचूक. खाली एक ओळ — पण साठ किलोमीटरच्या आधीच सौसर येते, बस तिथं पोहोचून गेली असेल.

समजलं का मला? लगेच समजलं. त्या रस्त्यानं मी शंभरदा गेले होते. पेपर काढताना सूत्र आठवलं, रस्ता आठवला नाही. आणि हे मला सांगतंय कोण, तर मजुरीला जाणाऱ्या बाईची पोर — हेही मनात आलं. आलंच. ते झाकायचं असेल तर सांगायलाच कशाला बसू?

उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधलेला दोरा मी सोडला. पुरवणी काढली — आणि फाडली. त्या पाच गुणांच्या प्रश्नाला शून्य दिलं. तीन गुणांनी जागा दुसरीला गेली.

काम बुडवून तिची आई आली. हळूच म्हणाली, "मॅडम, पोरगी म्हणते का जादा पान जोडलं होतं. एकदा पाहून घ्या ना."

मी उत्तरपत्रिका तिच्यापुढे ठेवली. "कुठं आहे पान? तुम्हीच दाखवा."

'रीत पुरवणीत पाहा' हे त्यावर लिहिलेलं होतंच, पण तिला वाचता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. उलट तीच माझी माफी मागून गेली. वैशाली दाराशी उभी होती. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यातल्या दोऱ्याच्या भोकाकडे पाहत होती.

आठवीनंतर तिची शाळा सुटली. पुढे मोहगावला लग्न झालं.

गेल्या वर्षी ती कुटुंबासह पांढुर्ण्यात राहायला आली. मुलीचं नाव घालायला माझ्याकडेच आली — मी आता मुख्याध्यापिका. अर्ज भरून झाला, सही तेवढी राहिली. तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, गणित तुम्हीच शिकवून राहिल्या का अजून?"

"हो," मी म्हटलं.

तिनं अर्जाची घडी केली, मुलीचा हात धरला आणि निघाली. ऑफिसात दोन बाबू बसले होते. त्यांच्यासमोर मला बोलता आलं नसतं? आलं असतं. मी खुर्चीतून उठले नाही.

याला चूक म्हणू नका. चूक प्रश्नात होती. पान मी समजून-उमजून फाडलं. तेव्हा मी चाळिशीची होते, लहान नव्हते. क्षमा मागणार नाही — मागितली तर ती देण्याचं ओझंही तिच्याच डोक्यावर. वैशालीनं नाव घातलं नाही, बरोबर केलं.

तिची मुलगी रोज सकाळी माझ्या शाळेसमोरून दुसऱ्या शाळेत जाते. मी फाटकाशी उभी असते. मान खाली घालत नाही, आणि तिला हाकही मारत नाही.