पुढच्या फाटकाने

सुरतेत, पांडेसऱ्याच्या आमच्या खोलीत माळ्यावर बाबांची कामगारांसाठी काढलेली पत्रकं असायची. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. म्हणून वेसूकडे काचेचे टॉवर उभे राहिले आणि लोक त्याला ‘नवी सुरत’ म्हणू लागले, तेव्हा मला रागच यायचा. ऑफिसं आली म्हणून शहर होत नाही. ज्याचं तिथे काही काम नाही तोही जिथे खुशाल बसतो, ते शहर. आईचं शहर म्हणजे चौटा बाजार. तिथे ती चांगली साडी नेसून जायची. टॉवरमध्ये ती सातव्या मजल्याची फरशी पुसायला जायची, मागच्या फाटकाने.

एका रविवारी तिने पलसाण्याच्या मावशीला फोनवर सांगितलं, “टॉवरकडे ये. कारंज्यापाशी बसू.” मी बघतच राहिले. आजवर आम्ही नातेवाइकांना स्टेशनवर नाहीतर चौट्यात बोलवायचो.

आई ठेवणीतली साडी नेसली. आम्ही पुढच्या फाटकाने आत जाऊन कारंज्याच्या कट्ट्यावर बसलो तोच वॉचमन आला.

“मौसी, स्टाफ पीछे से.”

माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं. आईने माझा हात दाबला. “आज छुट्टी है, भैया. मेरी बहन आ रही है.”

तो घुटमळला. “आने दो, फिर देखते हैं.”

अर्धा तास झाला, मावशी येईना. वॉचमन दोनदा बघून गेला. शेवटी आईने फोन लावला. मावशी केव्हाची मागच्या फाटकाशी, कचऱ्याच्या पिंपांजवळ बसली होती. बहिणीच्या कामाचं तेवढंच फाटक तिला ठाऊक.

“तूच ये ना इकडे,” मावशी फोनवरून आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली. “पुढून मले सोडतीन का?”

आई उठून उभी राहिली. मला वाटलं, निघाली आता मागे.

“मी नही येत,” ती म्हणाली. “पुढून ये. कोनी इचारं ते सांग, मनी बहीण बठेल शे.”

मावशी वळसा घालून आली. वॉचमन तिच्याकडे गेला, ‘माझी बहीण बसली आहे’ असं तिने सांगितलं असणार, आणि त्याने आमच्याकडे हात केला. मावशी पदर सावरत आली, बसली, भाकरीचं फडकं सोडलं आणि चौफेर बघितलं.

“एवढं मोठं आंगन,” ती म्हणाली, “अन् एक माणूस बठेल नही.”

“आपण बठनूत ना,” आई म्हणाली.