भानुदासतात्यांचा घास काळाने घेतलेला नाही

भानुदासतात्या काल सकाळी रस्त्यात खोदलेल्या चरात पडून मेले.

'मेले' असंच लिहितोय. त्यांना तसंच चाललं असतं.

आज फोनवर फिरणारी बातमी मात्र अशी : 'ज्येष्ठ वार्ताहराचा काळाने घेतला घास.'

वाचलं आणि डोकं फिरलं.

तात्या माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. जामखेड तालुक्यातल्या एका गावात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. आमच्या दैनिकाचे ते वार्ताहर. दुपारी मशीन थांबवून बातम्या लिहायच्या आणि पाकीट नगरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यायचं, हा त्यांचा नेम.

मी तेव्हा नगरला डेस्कवर. नवा उपसंपादक.

आणि 'घास' हा माझा लाडका शब्द.

जुन्या फायली काढून बघा. वळणाने घास घेतला. पुराने घास घेतला. विजेच्या तारेने घास घेतला. त्यातले निम्मे मथळे माझे आहेत. कॉलमात नेमके बसायचे आणि वाचणारा हळहळायचा.

एकदा तात्यांची बातमी आली. गावच्या सार्वजनिक विहिरीवर पाणी शेंदताना माय-लेकी आत पडून गेल्या.

मी मथळा दिला : 'विहिरीने घेतला माय-लेकींचा घास.'

जागा कमी होती. डेस्कची रीत अशी, की बातमी शेवटून कापायची. शेवटचा परिच्छेद उडवला.

दुसऱ्या दिवशी पेपर गावात पोचला आणि मिळेल त्या एसटीने तात्या ऑफिसात. गळ्यात टेप तसाच.

"साहेब, उठा जरा."

उठलो. त्यांनी वाकून माझ्या पायाला टेप लावला.

"विहिरीचा कठडा एवढा हाय. नऊ इंच. सोता मोजलाय. वाढवून द्या म्हनून बायांनी तीनदा अर्ज दिला. कुनाला दिला ते बी लिवलं हुतं. कुठं गेलं?"

"तात्या, जागा नव्हती."

"घासाला बरी गावली!"

ऑफिस हसलं. मीही हसलो. तात्या नाही हसले.

"विहीर खात न्हाई, साहेब. तुमी असं लिवलं की ज्यानं कठडा बांधायचा तो सुटला. आज सरपंच मला म्हनतो, तात्या, लई भारी बातमी आली!"

मी चिडलो. "मग गारपिटीने तोंडचा घास हिरावला, तेही लिहायचं नाही?"

"ते लिवा की. गारा काय कुनाचं काम हाय व्हय?"

कापलेला परिच्छेद मी दुसऱ्या दिवशी छापला. कठडा झाला, पण दोन महिन्यांनी.

तेव्हापासून तात्यांनी जबाबदार कोण ते पहिल्याच वाक्यात लिहायला सुरुवात केली. डेस्क शेवटून कापतं ना? कापा म्हणे आता.

तर हा माणूस काल स्कूटरवरून दूध आणायला निघाला होता. धुकं होतं. पाइपलाइनसाठी खोदलेला चर तीन आठवडे उघडा. बॅरिकेड नाही. साधं लाल फडकंही नाही. कामाचा फलक नाही, त्यामुळे ठेकेदार कोण ते विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

पोलिसांच्या कागदावर 'अकस्मात मृत्यू'.

त्यात अकस्मात काय आहे? तीन आठवडे सगळं गाव त्या चराला वळसा घालून जात होतं!

मथळा देणाऱ्याला काय बोलू? ही सवय आम्हीच लावून ठेवली. आजही कोणाला फोन करून विचारावं लागत नाही, कोणाचा राग ओढवत नाही, बातमी तयार. माणूस गेला, काळाच्या नावावर टाकला, विषय संपला.

दुपारी तात्यांच्या मुलाला, राजूला फोनवर म्हटलं, "तक्रार दे."

"जाऊ द्या ना, काका. वय झालं हुतं. नशिबात हुतं म्हनायचं."

"राजू, चर नशिबाने नाही खोदला. जेसीबीने खोदला. जेसीबी कोणीतरी आणला."

 

तो म्हणाला, "दहावा झाला की जाऊ?"

"तोवर चर बुजवून टाकतील. मग दाखवणार काय?"

"...उद्याच या मग. मी येतो संगं."

उद्या सकाळी दहाला आम्ही दोघं पोलीस ठाण्यात जातोय. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून घेईपर्यंत बसून राहणार आहोत. तालुक्यातले जुने वार्ताहर हे वाचत असतील तर त्यांनी यावं.

आज संध्याकाळी जाऊन पाहिलं. चर अजून उघडाच आहे. मी आणि राजू दोन दगड आणि एक फांदी ठेवून आलोय. त्या रस्त्याने जाणार असाल तर गाडी हळू घ्या.

तात्या, शेवटचा नमस्कार.