काकांचा एकुलता एक मीटर

जगातली कुठलीही वीज, मग ती टॉर्चमधली असो की आभाळातली, एकाच मीटरवर मोजता येते असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा काका सांगलीहून एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये नोकरीला आले आणि सालवडला दोन खोल्या घेऊन राहिले. मलाही तिथेच कारकुनी मिळाली, म्हणून मी त्यांच्याकडे उतरलो. बाहेरच्या खोलीत मी आणि चोरबाजारातून आणलेला तो मीटर असे दोघे झोपायचो. उशी एकच होती. ती मीटरला असे.

मीटर मोसंब्याएवढा. मुंगीला झटका बसणार नाही एवढ्याशा करंटलाही त्याचा काटा पार शेवटाला जाऊन टेकायचा. दुसऱ्या कुणी मोठा मीटर आणला असता. काकांना त्यात कमीपणा वाटे. "मोठा कशाला? करंटला शेजारून जाड पट्टीची वाट करून द्यायची. सगळी गर्दी तिकडून जाते, आपल्या मीटरमधून हजारात एखादा. त्या एकावरून बाकीचे कळतात. याला शंट म्हणतात!" हे त्यांनी मला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं आणि बोईसर स्टेशनवरच्या तिकीट तपासनिसालाही सांगितलं. तो तपासनीस पुढे काका दिसले की तिकीट न बघताच त्यांना सोडून द्यायचा.

व्होल्ट मोजायचे तर मीटरच्या आधी बारीक तारेचा लांबच लांब वळसा हवा. ती तार गुंडाळायला काकांनी मावशीचं लाटणं घेतलं. मावशी बाटलीने पोळ्या लाटू लागली. लाटणं मागितलं की काका म्हणत, "हात लावू नकोस, ते आता अडीचशे व्होल्टचं आहे." "मग पोळ्या त्याच्यावरच भाजा!" मावशी म्हणे. आल्यागेल्याला पाणी विचारण्याआधी काका त्याच्या टॉर्चमधले सेल काढून तपासत आणि डॉक्टरच्या चेहऱ्याने सांगत, "फार दिवस नाहीत."

एका रविवारी मुरब्याच्या कोळीवाड्यातला एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, दारात उभा राहिला. त्याच्या बायकोने आमच्या शेजारणीला मासे विकताना काकांची कीर्ती ऐकली होती. त्याच्या होडीला नवं इंजिन बसवलेलं होतं.

"काका, बॅटरी रोज मरते आमची," तो म्हणाला. "परवा भर दर्यात इंजिन चालूच व्हईना. वाऱ्यावर वाहत गेलो आमी. घरची मानसं रातभर किनाऱ्यावर बसून व्हती. मिस्तरीला काय समजत नाय."

काकांनी लगेच फराळाच्या डब्याचं पितळी झाकण कापून शंटची पट्टी बनवली. मावशी "अहो, लाडू!" म्हणेपर्यंत आम्ही रस्त्याला लागलो होतो.

होडीवर काकांनी सगळे दिवे बंद करवले आणि बॅटरीच्या वाटेत मीटर आणि पट्टी जोडली. काटा हलला! "सगळं बंद, मग वीज चाललीय कुठे?" एकेक तार सोडवत गेलो. होडीच्या मागच्या दिव्याची तार खाऱ्या पाण्याने कुजली होती. ती सुटली आणि काटा शून्यावर येऊन पडला. तांडेलाने काकांना चक्क उचललं. काका हवेतूनच ओरडले, "लावा इंजिन!"

पट्टी होती चोरट्या विजेपुरती. इंजिन सुरू व्हायला त्याच्या कितीतरी पट करंट लागतो, हे काकांना ठाऊक होतं. पण आनंदाच्या भरात मीटर काढायचाच राहिला. इंजिन धडधडत सुरू झालं, झाकणाची पट्टी लाल झाली, तिचा स्क्रू उडाला आणि मीटरमधून उदबत्तीएवढा धूर निघाला. काट्याचा वाकून पार आकडा झाला होता.

कुणी हसलं नाही. तांडेल कानकोंडा झाला. "काका, आमच्यापायी..."

"होडी चालली ना?" काका म्हणाले.

मग त्याने आम्हाला त्याच होडीतून खाडीबाहेर फिरवून आणलं. काका मांडीवर मीटर घेऊन होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी बसले होते. इतकी वर्षं समुद्राशेजारी राहून ते समुद्रात पहिल्यांदाच आले होते. ते हळूच म्हणाले, "तुझ्या मावशीला आणायला हवं होतं रे."

पुढच्या रविवारी काका मावशीला घेऊन पुन्हा मुरब्याला गेले. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मला कुणी चल म्हणालं नाही.