रिकामा तांब्या

बहात्तरच्या दुष्काळातलं नवरात्र. नगरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून मी सोनईजवळच्या आमच्या गावी सुट्टीला आले होते... वय वर्षं दहा, आणि सोबत सिस्टरनी दिलेली एक वही.

रोज एका माणसाला थँक यू म्हणायचं आणि वहीत लिहायचं, एवढाच होमवर्क. पण आमच्या गावात थँक यू घ्यायला कोणी तयारच नाही! आईला म्हटलं तर तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. वडिलांना म्हटलं तर ते मागे वळून बघायला लागले... सात दिवसांत वहीत एकच नाव, तेही आमच्या बैलाचं. तो निदान ऐकून तरी घ्यायचा.

आमची म्हैस चाऱ्याअभावी विकली होती. धाकटा भाऊ आठ महिन्यांचा. त्याच्यासाठी शेजारच्या शेवंताकाकू रोज तांब्याभर दूध द्यायच्या, त्यांच्या एकुलत्या एका गाईचं.

अष्टमीला मी काकूंचा तांब्या चिंचेने लख्ख घासला आणि परत नेऊन दिला. छान उभं राहून म्हणाले, "थँक यू काकू, आम्ही तुमचे फार आभारी आहोत."

काकूंनी तांब्यात डोकावून बघितलं. "रिकामा? आनि वर आभार... मिटवून टाकलं म्हन की सगळं!"

घरी सांगितलं तर आईने कपाळावर हात मारून घेतला. "आगं, भांडं रिकामं देत्यात व्हय? चार दानं तरी टाकायची!" घरात रेशनची लाल ज्वारी, तीही किडकी... आणि हे मला आधी कोणी सांगितलं होतं का?

त्या संध्याकाळी दूध आलं नाही. आई म्हणे, "आता कुठल्या तोंडानं मागू?" काकू दारात येऊन उभ्या राहायच्या, पण हाक मारीनात. मधे बाळ पेजेवरून तोंड फिरवून रडतंय. नवमीही तशीच गेली. त्या दोघींचा मला इतका संताप आला... दहा पावलांचं तर अंगण!

दसऱ्याला घट उठले. त्या वर्षी शिवारात हिरवं काहीच नव्हतं. फक्त देवापुढच्या मातीत पेरलेलं धान वीतभर वर आलं होतं, आमच्या पिण्यातलं पाणी घालून जगवलेलं. आईने त्यातलं मूठभर खुडलं, आमच्या तांब्यात ठेवलं आणि मला पिटाळलं. "देऊन ये. आनि तोंड उघडू नगंस!"

काकूंनी दोन तुरे अंबाड्यात खोवले. मग तांब्या घेऊन आत गेल्या... बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा त्यात दूध होतं.

"रिकामा कसा देऊ?" म्हणाल्या. "तुज्या आईला सांग, लई हट्टी हाय ती."

"थँ..."

"गप! पळ, पोरगं रडतंय."

वहीत त्या दिवशी काय लिहावं कळेना, म्हणून एक तुरा चिकटवला. सिस्टरनी खाली लाल शाईने लिहिलं, 'इनकंप्लीट'.

हल्ली माझे डबे शेजारून रिकामे परत येतात, मागोमाग फोनवर जोडलेले हात... चिडचिड होते हो! काकूंना तर मी ते दोन शब्द शेवटपर्यंत म्हणू शकले नाही.

भाऊ आता आजोबा झालाय. दर दसऱ्याला घटातलं धान काकूंच्या घरी तोच नेऊन देतो... तोंड न उघडता.