हौद धुण्याची वेळ

माझी थोरली बहीण आयुष्यभर दुसऱ्यांची घाण काढत आली, असं मी म्हटलं की तिला राग येतो. "घाण काढत नव्हते, निर्जंतुक करत होते," ती म्हणते. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, उकळून, कापडात बांधून ठेवायचं काम तिने निवृत्त होईपर्यंत केलं. घरीसुद्धा तिचं फडकं इतकं पांढरंशुभ्र असायचं की त्याला हात पुसायला पाहुणे बिचकायचे. असल्या बाईच्या परसदारी शेवाळलेल्या पाण्याचा हौद असावा, हा भावजींचा पराक्रम.

भावजी बसगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. स्वतः खणून, स्वतः विटा लावून त्यांनी मागच्या अंगणात मांडीएवढा खोल हौद बांधला आणि त्यात लाल-पांढरे मासे सोडले. पंप त्यांनीच बसवला, पाणी गाळायला स्पंज घातलेली पेटी त्यांनीच जोडली. एका थोराड पांढऱ्या माशाचं नाव त्यांनी मुकादम ठेवलं, कारण तो स्वतः खायचा कमी आणि इतरांना ढुशा द्यायचा जास्त. हौदाचे कायदेही त्यांचेच. सगळं पाणी एकदम काढायचं नाही. नळाचं पाणी पिंपात भरून उघडं ठेवायचं आणि मगच घालायचं. स्पंज हौदातल्याच पाण्यात पिळायचा. भिंतीवरचं शेवाळ थोडं राहू द्यायचं. हा शेवटचा कायदा ऐकूनच ताईला शिसारी यायची.

"धुवायचं तर नीट धुवा ना, अर्धवट काय?" ती म्हणायची.

"अगं, मासे आहेत ते, कात्र्या नाहीत," ते म्हणायचे.

मग भावजींना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बोलणं गेलं नाही, पण अडकलं. एक शब्द यायचा आणि दुसऱ्याची वाट बघत बसायला लागायचं. तेव्हापासून ताईचा दिवस सुरू व्हायचा तो संपायचाच नाही. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, चादरी बदलायच्या, परत भरवायचं. भावजी मुळात धिप्पाड गडी. त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना तिच्या नाकी नऊ यायचे. आणि जरा पाठ टेकली की हाक. पाणी हवं, "अगं". नाकावर माशी बसली, "अगं". काहीच नको असलं तरी "अगं". मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. माझे गुडघे कामातून गेलेले. मी यायचे, चहा प्यायचे, चार सल्ले द्यायचे आणि परत जायचे. उंटावरून शेळ्या हाकण्यात आमच्या घराण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे तो हौद. रोज सकाळी ताई त्यांची खुर्ची मागच्या दारात आणायची, हौदाकडे तोंड करून, खांद्यावर टॉवेल टाकून. मग जुना गाऊन कमरेला खोचून स्वतः आत उतरायची. जाळीने पानं काढायची, तळाचा गाळ नळीने ओढून बाहेर टाकायचा, पंपाला अडकलेला चोथा काढायचा, स्पंज पिळायचा, कमी झालेलं पाणी पिंपातून बादल्यांनी आणून भरायचं. भावजी एकटक बघत बसायचे. झटक्यानंतर त्यांचं मन कशात रमत असेल तर ते या माशांत, असं डॉक्टर म्हणाले, परगावची त्यांची लेक फोनवर म्हणाली, मीही म्हणाले. झालं, हौद ताईच्या गळ्यात पडला तो कायमचा.

"बुजवून टाक एकदाचा," तिची कंबर धरलेली बघून मी म्हणायचे. "वर कुंड्या ठेव."

"आणि ते काय बघतील? कुंड्या?"

"टीव्ही बघतील."

"तू बघ टीव्ही," ती म्हणायची आणि पाठ चोळत आत जायची.

मध्यंतरी भावजींना ताप भरला. आठवडाभर ते आतल्या खोलीत पडून होते. त्यातच लेकीचा फोन आला की रजा काढून येतेय, आणि तिने सहज विचारलं, "बाबांचा हौद कसा आहे गं?" एवढ्यावर ताईच्या अंगात तिचा जुना दवाखाना संचारला. कायदे सांगणारं माणूस दारात नव्हतं. तिने मासे टबात काढले, हौद तळापर्यंत उपसला, भिंती तारेच्या घासणीने घासल्या, जंतुनाशक पावडर टाकून दोनदा धुतल्या. स्पंज साबण लावून नळाखाली असा धुतला की कोरा दिसायला लागला. संध्याकाळी नळाचं ताजं पाणी भरलं, मासे सोडले आणि मला दाखवायला बोलावलं. तळाची फरशी स्वच्छ दिसत होती. कितीतरी दिवसांनी ताईच्या चेहऱ्यावर जरा समाधान होतं.

सकाळी मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. दुसऱ्या दिवशी मुकादमासकट सगळे उलटे तरंगत होते. नाक्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने फोनवरच तिची कानउघाडणी केली. "मावशी, हौदातली घाण खाणारे चांगले जंतूच तुम्ही धुऊन काढलेत. वर नळाच्या पाण्यातलं औषध. मासे जगणार कसे?" ज्या बाईने जन्मभर जंतू मारले, तिच्या पचनी चांगले जंतू पडेनात. मी गेले तेव्हा तिने मासे कुंपणाच्या कडेला पुरले होते आणि तिथेच मातीत बसून राहिली होती.

"त्यांना काय सांगू गं?" ती म्हणाली. "तेवढ्यासाठी तर ते खुर्चीत बसायला तयार होतात. हे कळलं तर हाय खातील. परत पलंगावरून उठायचे नाहीत."

"नवे मासे आण."

"आणि मुकादम कुठून आणू?"

लेकीची रजा शेवटी मंजूर झालीच नाही.

भावजींचा ताप उतरला. ताईने खुर्ची दारात आणली, मूठभर खाद्य पाण्यात टाकलं आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "गारठ्याने तळाशी जाऊन बसलेत सगळे." भावजी पाण्याकडे बघत राहिले. तिने गाऊन खोचला आणि आत उतरली. जाळी फिरवली, नळी लावली, स्पंज पिळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाद्य टाकलं, आणि आदल्या दिवशीचं फुगून तळाशी बसलेलं खाद्य गाळासारखं ओढून काढलं. पाणी हळूहळू हिरवं झालं आणि तळ दिसेनासा झाला, एवढीच काय ती सोय. शेवाळ राहू द्यायला ती आता शिकली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पायांना पाण्याने पडलेल्या भेगा, बोलता बोलता डुलकी लागायची. आणि ही बाई रिकामा हौद धुतेय. "वेड लागलंय तुला," मी कुजबुजायचे. "हळू बोल," ती म्हणायची आणि बादली उचलायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदमच.

एके दिवशी मी दाराशी भावजींजवळ स्टुलावर बसले होते. ताई भरली बादली घेऊन हौदात उतरत होती, तेवढ्यात तिचा पाय काठावरून सटकला. ती पाण्यात सपशेल बसली. कोपर चांगलंच खरचटलं. ती उठली, कोपराकडे बघितलंही नाही, आणि तरंगणारी बादली पकडायला वाकली. ते बघून माझा तोल सुटला.

"भावजी, मासे कधीच मेलेत!" मी ओरडले. "एकसुद्धा नाही त्यात. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ही रोज मरतेय!"

ताई वाकलेली तशीच राहिली. तिने डोळे मिटून घेतले, जणू आता भावजी कोसळणारच आहेत.

भावजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा जबडा हलला. आम्ही दोघी शब्दाची वाट बघत राहिलो.

"माहीत... आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या... दिवशीच."

"अहो, मग बोलला का नाहीत?" ताईचा आवाज फाटला. "मी रोज..."

त्यांनी डावा हात उचलला, म्हणजे थांब. शब्द यायला फार वेळ लागला. घामाने त्यांचं कपाळ ओलं झालं.

"तेवढाच... वेळ... तुला... मी... नसतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताई हौदात असताना त्यांनी तिला कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. तहान लागली, मान अवघडली, टॉवेल घसरला, तरी ते दात आवळून बसून राहायचे. त्यांना मासे नको होते. तिला तेवढा वेळ सुटका मिळावी, एवढंच हवं होतं.

मला वाटलं, ताई आता म्हणेल की असं काय बोलता, तुमचं करताना मला कसला त्रास. कुठलीही बायको म्हणाली असती. ती मांडीभर पाण्यात उभी होती, कोपरातून रक्त ओघळत होतं.

"हो," ती म्हणाली. "थकते हो मी. फार थकते. इथे आले की बरं वाटतं."

हे तिने त्यांच्यासमोर पहिल्यांदाच म्हटलं असावं. भावजींनी मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग ते मला म्हणाले, "फिरव."

"काय फिरवू?"

"खुर्ची. आत... तोंड."

ते रागावले असं मला आधी वाटलं. पण ते रागावले नव्हते. मी खुर्चीचं तोंड खोलीकडे केलं. समोर कोरी भिंत होती. आता ताईकडे कुणाचीच नजर नव्हती.

मागून जाळी पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. भावजी भिंतीकडे बघत होते. त्यांच्या कोरड्या ओठांवरून कळलं की त्यांना पाणी हवंय. मी गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्यांना पाणी पाजलं.